विजेच्या तारांचे जुने जोड : बेलापूर परिसराच्या अनुषंगाने

१. विषय व क्षेत्र

विजेच्या इतिहासाचे लेखन बहुधा धरणे, वीजगृहे आणि मनोरे यांच्या अंगाने केले जाते. वीज कोठे निर्माण झाली आणि किती दूरवर नेली गेली याचा हिशेब त्यात मिळतो. परंतु ती एका तारेतून दुसऱ्या तारेत कशी उतरली, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. वस्तुतः वीजवहनाच्या साखळीतील सर्वांत दुर्बल कडी म्हणजे तारांचा सांधा होय. अखंड तार मध्येच जळाल्याचे उदाहरण विरळा. जळतो तो जोड. त्यामुळे कोणत्या काळी, कोणत्या धातूच्या तारा, कोणत्या रीतीने जोडल्या जात होत्या आणि त्या रीतींपैकी कोणत्या आज टिकून आहेत, हा प्रश्न तंत्राच्या इतिहासाइतकाच भाषेच्या इतिहासाचाही आहे.

या विचारासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यातले बेलापूर आणि त्याच्या भोवतालचा प्रवराकाठचा टापू घेतला आहे. नवी मुंबईतील बेलापूर याहून वेगळे. प्रवराकाठच्या या टापूत तारा आल्या त्या ढोबळ मानाने तीन वाटांनी. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि रुळांच्या कडेने तारायंत्राच्या तारा आल्या. १९१९ साली बेलापूर कंपनी स्थापन होऊन हरेगाव येथे साखर कारखाना उभा राहिला. १९२६ साली भंडारदरा धरण पुरे झाले, १९३३ साली टिळकनगरच्या कारखान्याची स्थापना झाली, आणि उसाबरोबर यंत्रांची वीज आली. तिसरी वाट शेतीपंपांची; २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर आणि १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण निगम अस्तित्वात आल्यावर ती रुंद झाली. स्थूलमानाने पहिली वाट लोखंडी तारेची, दुसरी तांब्याच्या तारेची आणि तिसरी ॲल्युमिनियमच्या तारेची, असे म्हणावयास हरकत नाही. धातू बदलला की जोडाची रीत बदलावयास हवी. ती प्रत्येक वेळी बदलली का, हा खरा प्रश्न आहे.

या टापूत वस्तू बदलूनही नाव टिकण्याचे एक ठळक उदाहरण आहे. लोहमार्गावरील ‘बेलापूर रोड’ या स्थानकाभोवती जे नवे गाव वाढले ते श्रीरामपूर. परंतु रेल्वेच्या वेळापत्रकात स्थानक दीर्घकाळ बेलापूर याच नावाने नोंदले जात राहिले. तारांच्या जोडांबाबतही असेच घडले. मात्र स्थानकाचे नाव जुने राहिल्याने प्रवाशाचा फार तर थोडा गोंधळ होतो. जोडाचे नाव जुने राहून त्यामागची कृतीही जुनीच राहिली, तर घर जळते.

२. नामे उसनी, क्रियापदे घरची

वायरमनाच्या मराठीकडे वरवर पाहिले तर ती इंग्रजी शब्दांनी भरलेली दिसते. वायर, फेज, न्यूट्रल, कनेक्टर, होल्डर, सीलिंग रोझ, थिंबल, क्लॅम्प, जंपर ही सारी नामे बाहेरून आलेली आहेत. परिभाषाकारांनी सुचविलेले ‘संवाहक’, ‘अग्र’, ‘निरोधक’ हे शब्द ग्रंथांत रुळले, कारागिराच्या तोंडी नाहीत. यावरून या व्यवसायाची भाषा परकी आहे असा निष्कर्ष काढला जातो. तो अपुरा आहे. कारण नामे उसनी असली तरी क्रियापदे मराठी आहेत. तार सोलतात, पिळतात, बांधतात, झाळतात, आवळतात, दाबतात, अडकवतात. यांतील प्रत्येक क्रियापद दोर वळणाऱ्याच्या, तांबटाच्या किंवा लोहाराच्या कामातून आलेले आहे. तारांच्या जोडांचा इतिहास या क्रियापदांच्या क्रमाने मांडला, तर तो अधिक स्पष्ट होतो. कारण कनेक्टर हे नाम जोड धरला कशाने हे सांगत नाही, क्रियापद ते सांगते.

३. बांधणे : तारायंत्राचा सांधा

हिंदुस्थानात विल्यम ओशॉनेसी याने १८३९ साली कलकत्त्याजवळ तारायंत्राचा प्रयोग केला. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तारायंत्राची ओळ १८५१ साली चालू झाली. आरंभी त्याने जाड लोखंडी सळ्या वापरल्या, पुढे लोखंडी तारा आल्या. खांबावरची तार स्वतःचे वजन आणि वाऱ्याचा ताण सोसत असते. तेव्हा तिच्या जोडाला वीज नेणे आणि ताण धरणे अशी दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. या गरजेतून दोन जोड प्रसिद्धीस आले.

पहिला ब्रिटानिया जोड. यात दोन तारांची टोके काही अंतर एकमेकांलगत ठेवतात, टोकांची शेवटची अग्रे किंचित वाकवितात, त्यांवर बारीक तारेचे वेढे घट्ट बांधतात आणि सारे झाळून टाकतात. जाड, सहज न पिळता येणाऱ्या तारेसाठी ही रीत होती. तिचे तत्त्व बांधण्याचे आहे. दुसरा अमेरिकेतील तारायंत्र कंपनीच्या नावाने ओळखला जाणारा वेस्टर्न युनियन जोड. यात प्रत्येक तार दुसरीभोवती गुंडाळली जाते, त्यामुळे ओढ जितकी वाढावी तितका जोड आवळत जातो. दोरखंडाची सांधणी ज्याने पाहिली आहे त्यास यात नवे काही वाटणार नाही.

तारायंत्राच्या प्रवाहाचे मान अत्यल्प असे. जोडात थोडा अवरोध राहिला तर संदेश क्षीण होई, आग लागत नसे. म्हणून या काळातील जोडांची कसोटी मुख्यतः ताकदीची होती. भारतातील तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. तथापि हे दोन्ही जोड औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री अभ्यासक्रमाच्या प्रात्यक्षिकांत टिकून आहेत. ज्या कामासाठी ते जन्मले ते काम संपले, परंतु हाताला वळण लावण्याचे साधन म्हणून त्यांना दुसरे आयुष्य मिळाले.

४. पिळणे आणि झाळणे : तांब्याची तार

कारखान्यांतून व घरांतून प्रकाश आणि यंत्रे यांसाठी वीज वापरली जाऊ लागली, तेव्हा तार तांब्याची झाली. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेच्या दिव्यांचा प्रयोग १८८२ साली झाला होता. खेड्यांपर्यंत ती तार पोहोचण्यास कित्येक दशके लागली. या काळातील तारेवर गंधक मिसळून पक्के केलेल्या रबराचे आवरण असे. गंधकाचा तांब्यावर परिणाम होतो, म्हणून तांब्याच्या प्रत्येक धाग्यावर कथिलाचा पातळ थर दिलेला असे. मराठीत या थराला निराळा शब्द शोधावा लागला नाही. स्वयंपाकघरातील भांड्यांना करावयाची कल्हई ती हीच. ‘कल्हई’ हा शब्द अरबीतील कथिलवाचक शब्दापासून आलेला आहे, आणि तारेच्या निमित्ताने तो आपल्या मूळ अर्थाला पुन्हा भिडला.

या कल्हईचा एक अनपेक्षित लाभ होता. कथिल लावलेली तार सहज झाळता येते. अनेकधागी तारेसाठी मॅरीड जोड करीत : दोन्ही तारांचे धागे फुलासारखे उकलावयाचे, एकमेकांत गुंतवावयाचे, दोन्ही बाजूंना उलट दिशांनी पिळून बसवावयाचे आणि मग शिसे-कथिलाचा डाख द्यावयाचा. मध्येच फाटा काढावयाचा असेल तर टी जोड, आणि पेटीच्या आत, जेथे ताण नाही तेथे, दोन टोके एकत्र पिळून केलेला रॅट टेल जोड. झाळताना तांबटाचा नवसागर किंवा आम्ल वापरावयाचे नाही, राळ वापरावयाची, हा येथील महत्त्वाचा नियम; कारण आम्लाचा अंश तारेवर राहिला तर ती हळूहळू खाल्ली जाते. कारागिरीची क्रियापदे एका धंद्यातून दुसऱ्यात आली, पण त्यांबरोबर आलेले प्रत्येक द्रव्य चालत नाही, याचा हा नमुना आहे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवणे अवश्य आहे. पीळ हा या जोडाचा अर्धाच भाग होता. पिळाने आकार व ताकद मिळे. वीज वाहण्याची खात्री झाळण्याने मिळे. पुढे पॉलिव्हिनिलाचे म्हणजे पीव्हीसीचे आवरण आले. त्यात गंधक नसल्यामुळे कथिलाच्या थराची गरज उरली नाही. तांबे उघडे झाले, झाळणे अधिक खटपटीचे झाले आणि रोजच्या कामातून ते गळू लागले. मात्र पिळणे राहिले. डाखाची जागा काळ्या चिकटपट्टीने घेतली, आणि बोलण्यात ‘जॉइंट मारणे’ हा एकच प्रयोग सर्व रीतींसाठी रूढ झाला. चिकटपट्टी हात झाकते, जोड सुधारत नाही. सोलणे, पिळणे, झाळणे आणि झाकणे या चार कृतींचा एक ‘मारणे’ झाला, तेव्हा तिसरी कृती गळाल्याचे भाषेने कळू दिले नाही.

तारेच्या मापांच्या बाबतीतही बाजारभाषेची चिवटी दिसते. ‘तीन बावीस’ म्हणजे २२ गेजच्या ३ धाग्यांची तार, ‘सात वीस’ म्हणजे २० गेजच्या ७ धाग्यांची. ही जुनी ब्रिटिश मापे मेट्रिक पद्धतीने अधिकृतपणे मागे टाकली, तरी जुन्या कारागिरांच्या तोंडी ती टिकून राहिली. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे नवख्यास उलटे वाटते. जुन्या जोडणीत नवी तार जोडताना हा उलटा हिशेब चुकला, तर बारीक तारेवर जाड तारेचा भार पडतो.

५. आवळणे : पेच, चिनीमाती आणि बेकेलाइट

झाळल्याशिवाय खात्रीचा जोड मिळावा, या गरजेतून पेचाचा कनेक्टर आला. पितळेच्या नळीत दोन तारा घालून वरून पेच आवळावयाचे, हे त्याचे साधे रूप. ‘पेच’ हा फारसी शब्द मुळात वळणाचा, पिळाचा वाचक आहे; ‘आटे’ हा शब्दही दोराच्या आणि पेचाच्या अशा दोन्ही वळशांना चालतो. म्हणजे पीळ येथेही आहे, परंतु तो तारेतून निघून पेचात गेला आहे, आणि तारेच्या वाट्यास आता दाब आला आहे. जोडांच्या इतिहासातील हे खरे वळण होय.

पितळेच्या नळीभोवती प्रथम चिनीमातीचे आवरण आले. लिओ बेकलंड याने १९०७ साली बेकेलाइट शोधल्यावर स्विच, होल्डर, सीलिंग रोझ यांत त्याचा प्रसार झाला. नंतर प्लॅस्टिकच्या पट्टी-कनेक्टरचा काळ आला. भारतीय घरांत लाकडी केसिंग-केपिंग आणि पुढे बॅटनवरील तारजोडणी रूढ होती. तीत वाटेत जोड न घेता, तार स्विच किंवा सीलिंग रोझ येथपर्यंत नेऊन तेथेच पेचाखाली दुसरी तार धरावयाची, ही ‘लूपिंग’ची पद्धत शिष्टसंमत होती. दिव्याची वायर लोंबकळविण्याचे साधन म्हणून ओळखला जाणारा सीलिंग रोझ हा खरे पाहता कनेक्टरच होता, आणि पंख्याच्या जोडणीत तो आजही आहे.

इतर देशांत हाच प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. कॅनडात विल्यम मार याने १९१४ साली पेचाने आवळावयाचा टोपीसारखा कनेक्टर काढला; त्याच्यापासून पुढे आलेली, आतून आटे असलेली शंकूच्या आकाराची टोपी उत्तर अमेरिकेत आजही सर्वत्र वापरली जाते. ब्रिटनमध्ये अशाच चिनीमातीच्या टोप्या होत्या, त्या मागे पडल्या. भारतात ही टोपी रुजली नाही; येथे सीलिंग रोझ, पट्टी-कनेक्टर आणि चिकटपट्टी यांनी तिची जागा व्यापली. यावरून जोडाची निवड केवळ गुणावगुणांवर ठरत नाही, तारजोडणीच्या सर्वसाधारण पद्धतीवर ठरते, असे दिसते.

६. ॲल्युमिनियम आणि शेतीपंप

स्वातंत्र्यानंतर तांबे मोठ्या प्रमाणावर आयात करावे लागे. त्यामुळे विशेषतः १९६० नंतरच्या दशकात ॲल्युमिनियमच्या तारांचा प्रसार झाला. प्रवराकाठच्या विहिरींवर विजेच्या मोटारी बसू लागल्या तो काळही हाच. ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. म्हणून तार अधिक जाड घ्यावी लागते. ही अडचण सर्वांस ठाऊक होती. जोडासंबंधीच्या अडचणी मात्र डोळ्यांस दिसणाऱ्या नव्हत्या.

पहिली अशी, की हवा लागताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ पण कठीण थर येतो व तो वीज अडवितो. दुसरी, हा धातू दाबाखाली हळूहळू सरकतो. आज घट्ट आवळलेला पेच काही महिन्यांनी सैल होतो. तिसरी, तापल्यावर तो तांब्याहून अधिक प्रसरण पावतो. दर अंश सेल्सिअसला तांब्याची वाढ दशलक्षात सुमारे १७ भाग, ॲल्युमिनियमची सुमारे २३. चौथी, तांबे व ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजते. तांब्याच्या काळात निर्दोष असलेला पीळ या चारही कारणांनी ॲल्युमिनियमवर निकामी ठरतो. आणि साध्या राळेने व डाखाने ते झाळताही येत नाही.

याचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. ५ अश्वशक्तीची त्रिफेज मोटार सुमारे ८ अँपिअर प्रवाह घेते. जोडात ०.१ ओहम इतकाच अवरोध राहिला, तर तेथे सुमारे ६ वॅट उष्णता सतत निर्माण होते. मोटार थेट चालू करताना प्रवाह क्षणभर सुमारे सहापट होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्याने त्या क्षणी तीच जागा २३० वॅटच्या घरात तापते. प्रत्येक वेळी जोड तापतो, फुगतो, निवतो, किंचित सैल होतो. अवरोध वाढतो, आणि पुढच्या वेळी तो अधिक तापतो. शेवटी एक फेज तुटतो. उरलेल्या दोन फेजवर मोटार फिरत राहिली तर ती जादा प्रवाह ओढते आणि तिची गुंडाळी जळते. शेतकऱ्याच्या भाषेत ‘मोटार जळाली’. वस्तुतः आधी जोड जळालेला असतो. ऐन उन्हाळ्यात, पाण्याच्या पाळीला घडणारी ही घटना कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाला भिडते. आणि तुटलेला जोड अर्थिंगच्या तारेचा असेल, तर प्रश्न उत्पन्नाचा न राहता जिवाचा होतो.

७. अडकवणे : आकडा

जोडांच्या या मालिकेत एक जोड असा आहे, की त्याचे नाव पूर्णतः मराठी असून कोणत्याही अभ्यासक्रमात त्यास स्थान नाही. तो म्हणजे ‘आकडा’. वाकविलेली तार खांबावरच्या उघड्या तारेवर टाकून वीज घेण्याची ही रीत बेकायदेशीर आहे. २००३ च्या वीज कायद्यात वीजचोरीस शिक्षा आहे. ‘आकडा टाकणे’ हा वाक्प्रचार महाराष्ट्रभर सर्वांस कळतो. तंत्राच्या दृष्टीने आकड्यात बांधणे नाही, पिळणे नाही, आवळणे नाही. केवळ तारेच्या वजनाने झालेला स्पर्श आहे. वाऱ्याने तो हलतो, ठिणग्या पडतात, वरची तार खाल्ली जाते, आणि टाकणाऱ्याचा हात जिवंत तारेपासून काठीइतक्याच अंतरावर असतो. इतर सर्व जोड उसन्या नावांनी वावरत असता ज्या एका जोडास लोकभाषेने स्वतःचे नाव दिले तो सर्वांत घातक असावा, ही बाब भाषाभ्यासकाने नोंदण्याजोगी आहे. लोक ज्या वस्तूचा वापर स्वतः करतात तिला नाव देतात; ज्या वस्तू दुसऱ्याने बसवून द्यावयाच्या, त्यांची नावे ते बसविणाऱ्याकडून घेतात.

८. आजचा वापर

आजचे जोड बहुतेक दाबण्याचे आहेत. तारेच्या टोकावर थिंबल घालून ते पक्कडीने किंवा यंत्राने दाबावयाचे; खांबावर पीजी क्लॅम्पने समांतर तारा दाबून धरावयाच्या; तांबे व ॲल्युमिनियम एकत्र येत असतील तर द्विधातू क्लॅम्प किंवा थिंबल वापरावयाचे. घरगुती कामात स्प्रिंगचे कनेक्टर येत आहेत. १९५१ साली जर्मनीतील मिंडेन येथे स्थापन झालेल्या वागो कंपनीचे नाव त्यांच्याशी जोडले गेले आहे. स्प्रिंगचा विशेष असा, की तार सरकली किंवा आकसली तरी दाब तिच्या मागे जातो. पेचाला हे साधत नाही.

तरीही जुने जोड नाहीसे झालेले नाहीत, आणि सर्वच नाहीसे होण्याचे कारणही नाही. चिनीमातीचा कनेक्टर दुकानात आजही मागितला जातो. गिझर, शेगडी यांसारख्या तापणाऱ्या उपकरणांच्या टोकाशी तो योग्यच आहे, कारण पीव्हीसीचे आवरण साधारणतः ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असते आणि चिनीमातीस त्या तापमानाची क्षिती नाही. मात्र पेच वर्षातून एकदा तरी, वीज बंद करून, आवळले गेले पाहिजेत. तांब्याचा, नीट झाळलेला आणि ताण नसलेला जुना मॅरीड जोड पेटीच्या आत सुस्थितीत असेल, तर त्यास हात लावण्याची घाई नको. परंतु जुने रबर कडक होऊन तडकले असेल, तर जोड चांगला असूनही तार बदलावी लागते. लाकडी केसिंगमध्ये लपलेला, केवळ पिळून पट्टी लावलेला जोड मात्र ठेवण्याजोगा नाही. आणि ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेस हाताने पिळून जोडणे ही रीत कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. मोटारीच्या स्टार्टरशी ती आढळली तर तो त्याच दिवशी बदलण्याचा विषय होय.

९. समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, नवा जोड आला म्हणून जुना जोड मरत नाही. ज्या ठिकाणी त्याचा विशिष्ट गुण अद्याप उपयोगी आहे तेथे तो सरकतो. ब्रिटानिया जोड कार्यशाळेत गेला, चिनीमाती गिझरपाशी गेली, सीलिंग रोझ पंख्यापाशी राहिला. दुसरी, जेथे धातू बदलला परंतु क्रियापद बदलले नाही, तेथे अपघात घडला. तांब्यासाठी घडलेले ‘पिळणे’ ॲल्युमिनियमवर चालू राहिले, कारण ‘जॉइंट मारणे’ या सर्वसमावेशक प्रयोगाने दोहोंतील भेद पुसून टाकला होता.

म्हणून तांत्रिक परिभाषेचा विचार केवळ नामांच्या भाषांतरापुरता ठेवणे पुरेसे नाही. ‘कनेक्टर’ला ‘संयोजक’ म्हटल्याने वायरमनाच्या ज्ञानात भर पडत नाही; परंतु ‘तांबे झाळावे, ॲल्युमिनियम दाबावे, पितळेचा पेच आवळावा’ असे सांगितल्याने पडते. ही क्रियापदे मराठीत सिद्ध आहेत, कारागिराच्या कानांस परिचित आहेत आणि परस्परांपासून स्पष्टपणे वेगळी आहेत. प्रवराकाठच्या विहिरीवरील मोटार वाचविण्याच्या कामी त्यांचा उपयोग व्हावयाचा असेल, तर ती प्रशिक्षणाच्या पुस्तकांत आणि फलकांवर नामांच्या आधी यावयास हवीत.